मानवी हक्कांचं काम करणाऱ्यांवर पोलिसी दबाव : प्रत्यक्षात काय कामी येतं?

वैनतेयी

नमस्कार मंडळी.

माझी मावसबहीण एका छोट्या संस्थेत काम करते. पोलीस कोठडीत मृत्यू झाला की त्या घरी जायचं, नातेवाइकांचं म्हणणं लिहून घ्यायचं, शवविच्छेदन अहवालाची प्रत मिळवून द्यायची, मानवी हक्क आयोगाकडे तक्रार लिहायला मदत करायची, असं काम. यंदा एका मृताच्या बायकोला सोबत घेऊन तिनं तक्रार दाखल केली आणि तेव्हापासून तिच्यामागे शुक्लकाष्ठ लागलंय.

मारहाण नाही, अटक नाही. पोलिसांच्या गोपनीय शाखेचा माणूस येतो, तोही ती घरी नसताना. घरमालकाला विचारतो, 'या बाईंकडे कोण कोण येतं? दिवा किती वाजेपर्यंत चालू असतो?' गावी तिच्या आईला फोन जातो, 'पोरीला जरा समजवा.' ठाण्यातून फोन येतो, 'मॅडम, साहेबांनी चहाला बोलावलंय.' परवा निवेदन द्यायला जायचं होतं तर आदल्या रात्री पोलिसांची कलम १४९ ची नोटीस हातात.

कायद्यात काय लिहिलंय ते शोधलं तर सापडेल. मला विचारायचंय ते ज्यांनी हे सोसलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांना. नेमकं काय कामी आलं? माझ्या डोळ्यांसमोर ती दर आठवड्याला थोडी थोडी एकटी पडत चाललीय. शेजारची बाई आता तिच्याशी जिन्यात बोलायचं टाळते. याची मला अटकेपेक्षा जास्त भीती वाटते.

खानदेशी

१४९ च्या नोटिसांची आमच्याकडे फाइल आहे. वनहक्काच्या दाव्यांसाठी मोर्चा काढायचा म्हटलं की नोटीस आलीच. मजकूर पाठ झालाय. 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल व सदर नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यात येईल.' पहिल्यांदा आली तेव्हा आमच्यातल्या एका पोराच्या वडिलांनी त्याला मोर्चाला जाऊच दिलं नाही. आता आम्ही सही करून घेतो, तारीख-वेळ टाकतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि मोर्चाला जातो. ताब्यात घेतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ६८ लावतात, संध्याकाळी सोडतात.

ताई, बहिणीला सांगा, नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. पण एकही कागद फेकू नका.

काळाकोट

खानदेशी यांनी मुद्द्याचं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे जुनं १४९ आता १६८ झालंय. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसांनी काय करावं, एवढंच ते कलम सांगतं. ती नोटीस मोडली म्हणून त्या कलमाखाली वेगळी शिक्षा नाही.

आता चहाचं आमंत्रण. माझं सगळ्या कार्यकर्त्यांना एकच सांगणं असतं : फोनवर बोलावलं तर नम्रपणे म्हणायचं, 'साहेब, लेखी द्या, लगेच येते.' साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर लेखी आदेश लागतो, कलम १७९. आणि त्याच कलमात स्पष्ट आहे की बाईला, पंधराखालच्या मुलाला, साठीपुढच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायची सक्ती करता येत नाही. जबाब हवा असेल तर पोलिसांनी घरी यावं. आरोपी म्हणून बोलवायचं असेल तर ३५(३) ची नोटीस येते. ती आली तर मात्र जावंच लागतं, नाही गेलं तर तेच अटकेचं कारण होतं. म्हणून नोटीस हातात पडली की आधी कलम बघायचं, मग वकिलाला फोन.

घडलेल्या प्रत्येक गोष्टीचं साधं पत्र पोलीस अधीक्षकांच्या नावे लिहा. 'अमुक तारखेला अमुक वाजता साध्या वेशातली एक व्यक्ती माझ्या अनुपस्थितीत आली, नाव सांगितलं नाही, घरमालकास पुढील प्रश्न विचारले.' आरोप नको, विशेषणं नकोत. आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच देत नसतील तर सरळ पोस्टात जाऊन रजिस्टर करा. पुढे कधी उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर ही पोचवाली पत्रंच तिच्या बाजूनं बोलतील.

पिंपळपान

नाराजी पत्करून दुसरी बाजू मांडतो. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंग स्फोटात आपले १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. माहिती काढणं हे गुप्तवार्तावाल्यांचं कामच आहे. हक्कांच्या नावाखाली कोण काय करतंय हे त्यांनी बघायचंच नाही का? ज्याच्या मनात काही नाही त्याला दोन प्रश्नांनी काय होतं?

निवृत्त_फौजदार

पिंपळपान, त्या शहीद पोरांपैकी एकाच्या घरी मी जाऊन आलोय. तुमचं दुःख मला परकं नाही. पण उत्तर देतो, कारण काही वर्षं मी जिल्हा विशेष शाखेत काढली आहेत.

वरून माहिती मागवली जाते : अमुक संघटना, पदाधिकारी, कार्यक्रम, किती लोक जमतील. शिपाई जातो, जाहीर सभेत मागे उभा राहतो, टिपण करतो. यात वावगं काही नाही. कित्येक कार्यकर्ते स्वतःच आम्हाला कार्यक्रमपत्रिका द्यायचे, सभेत खुर्ची द्यायचे. पण ती घरी नसताना घरमालकाला दिवा किती वाजता विझतो हे विचारण्यातून कुठली माहिती मिळते? मिळते ती घरमालकाच्या पोटातली भीती. तेवढ्याचसाठी तो प्रश्न विचारतात. नोंद घेणं वेगळं आणि आईला फोन करणं वेगळं, हा फरक खात्यातल्या प्रत्येकाला कळतो. कोठडीतल्या मृत्यूची तक्रार झाल्यावर त्याच ठाण्याची माणसं तक्रार करणारीकडे चकरा मारत असतील, तर त्याला मी गुप्तवार्ता म्हणणार नाही.

बहिणीला एक सुचवतो. आलेल्या माणसाला नाव, बक्कल नंबर आणि कुठल्या शाखेचा ते शांतपणे विचारा, त्याच्यासमोर वहीत लिहा. बहुतेक जण त्यानंतर जपून वागतात.

गडचिरोलीकर

आमच्या भागातल्या माणसाला दोन्ही बाजूंनी विचारतात. रात्री जंगलातले येऊन विचारतात, पोलिसांना काय सांगितलं. सकाळी पोलीस येऊन विचारतात, रात्री कोण आलं होतं. मधल्या मधे गावकरी भरडतो. अशा ठिकाणी ग्रामसभेला तेंदूपत्त्याचा हिशेब शिकवणारा, कागद वाचून दाखवणारा माणूस दोघांनाही नकोसा होतो. महेश राऊत हेच काम करत होते, जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली आणि वर्षानुवर्षं तुरुंगात गेली. आमच्याकडे त्यानंतर कित्येक शिकलेल्या पोरांनी ग्रामसभेच्या कामातून अंग काढून घेतलं. एकाला पकडलं की पन्नास घरी बसतात.

तळकोकणी

+१. याच प्रकरणात अटक झालेल्या फादर स्टॅन स्वामींचं तर विसरताच येत नाही. ८३ वर्षांचे, कंपवातानं हात थरथरणारे, तळोजा तुरुंगात पाणी प्यायला नळीचा पेला हवा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिलीत गेले. जामिनाची सुनावणी त्याच दिवशी होती. पिंपळपान, दोन प्रश्नांनी काय होतं विचारलंत ना? सुरुवात दोन प्रश्नांनीच होते.

अमृतसरची_सून

माहेर सांगलीचं, सासर अमृतसर. इथं या विषयावर बोलायचं तर जसवंतसिंग खालरा यांच्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

खालरा सहकारी बँकेत नोकरी करायचे. दहशतवादाच्या काळात पंजाबात माणसं नाहीशी होत होती. पोलिसांना विचारलं की 'आमच्याकडे नाही' एवढंच उत्तर मिळायचं. खालरा बेपत्ता झालेल्या ओळखीच्या माणसांना शोधत शोधत स्मशानात पोचले. तिथं नगरपालिकेच्या वह्या होत्या. बेवारस म्हणून पोलिसांनी किती प्रेतं आणली आणि त्यांच्यासाठी किती सरपण दिलं, याच्या नोंदी. लाकडाचा हिशेब द्यावा लागतो म्हणून कुणी कारकुनानं इमानदारीनं लिहून ठेवलेलं! काही ठिकाणी तर नावंसुद्धा होती. बेवारस माणसाचं नाव कसं माहीत असेल?

जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. धमक्या आल्या, लोकांनी परदेशात राहा म्हणून सांगितलं, पण ते कॅनडात बोलून परत आले. ६ सप्टेंबर १९९५ ला घराबाहेर गाडी धूत असताना पोलिसांनी त्यांना उचललं. परत आलेच नाहीत. बायको परमजीत कौर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, सीबीआय आली आणि अमृतसर, पट्टी, तरनतारन या फक्त तीन स्मशानांतल्या २,०९७ दहनांचा आकडा समोर आला. खालरांच्या खुनासाठी २००५ मध्ये सहा पोलिसांना शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जन्मठेपा कायम केल्या. म्हणजे सोळा वर्षं लागली, आणि त्या सगळ्या काळात साक्षीदारांवर दबाव होताच.

सासूबाई सांगतात, त्या दिवसांत खालरांच्या घरी जाणं म्हणजे स्वतःवर नजर ओढवून घेणं. तरी बायका जायच्या. भाजी निवडायला म्हणून जायच्या आणि बसून राहायच्या.

वैनतेयी, काळाकोट पोचपावती घ्या म्हणतात ते मला म्हणूनच फार पटतं. खालरांना जे सापडलं ते कागदावरच सापडलं.

बिट्स_बाइट्स

फोन आणि लॅपटॉपबद्दल कुणीच बोललं नाही. २०१९ च्या जानेवारी ते ऑक्टोबर या काळात भारतातल्या नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांना हेरगिरीचं सॉफ्टवेअर असलेले ईमेल पाठवले गेले, हे अॅम्नेस्टी आणि सिटिझन लॅबनं जून २०२० मध्ये उघड केलं. ईमेल पत्रकाराकडून किंवा कोर्टाकडून आल्यासारखे दिसत. भीमा कोरेगाव प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी केलेल्या आर्सेनल या अमेरिकी कंपनीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की बावीस महिने कुणीतरी त्या लॅपटॉपमध्ये घुसून फायली ठेवत होतं. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही, पण अहवाल वाचण्याजोगा आहे. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवरून वाद झाला त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही हेही समितीनं नोंदवलं.

साध्या गोष्टी : फोन वेळेवर अपडेट करा. आयफोन असेल तर लॉकडाउन मोड चालू करा. ओळख नसलेल्याची फाइल उघडू नका, 'कोर्टाची नोटीस' म्हणून आली तरी नाही. मेसेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातील असं ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पीडित कुटुंबांचे जबाब, फोटो, पत्ते रोजच्या फोनमध्ये ठेवूच नका. तिच्या फोनमधून धोका तिच्यापेक्षा त्या विधवेला जास्त आहे.

काळाकोट

शेवटचं वाक्य प्रत्येक संस्थेनं भिंतीवर लावावं. जप्तीबद्दल भर घालतो. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावं लागतं. लॅपटॉप नेत असतील तर त्याची हॅश व्हॅल्यू (आतल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) पंचनाम्यात लिहा म्हणून आग्रह धरा. तो आकडा एकदा नोंदला गेला की नंतर आत काही घातलं किंवा काढलं तर लपत नाही.

खानदेशी

अवांतर : महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाचं काय? जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. बारा हजारांवर सूचना-हरकती गेल्या होत्या, त्यातली एक आमच्या ग्रामसभेची. 'बेकायदेशीर कृत्य' याची व्याख्या वाचली तर आमचा रस्ता रोकोही त्यात बसू शकतो.

पिंपळपान

ते विधेयक कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे, सरकारनं सभागृहात तसं सांगितलंय.

खानदेशी

सभागृहात सांगितलेलं ठाण्यातल्या हवालदाराला बांधील नसतं, पिंपळपान. त्याच्या हातात कायद्याचा मजकूर असतो.

मनिलावासी

इथं फिलिपिन्समध्ये सैन्य आणि पोलीस कार्यकर्त्यांना कम्युनिस्ट बंडखोरांचे हस्तक ठरवतात. चौकात फलक लागतात, चेहरे छापलेले, नावं लिहिलेली. त्यानंतर कुणी ना कुणी गोळी घालतं. सिगफ्रेड देदुरो नावाचे इलोइलोचे कार्यकर्ते न्यायालयात गेले. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा शिक्का मारणं हाच जिवाला, स्वातंत्र्याला आणि सुरक्षिततेला धोका आहे. गोळी लागेपर्यंत थांबायची गरज नाही, संरक्षणाचा आदेश आधीच मागता येतो. असा आदेश मागायची सोय त्यांनी २००७ पासून करून ठेवलीय. ती 'अर्बन नक्षल' वगैरे भाषा ऐकली की मला इथले फलक आठवतात. आपल्याकडेही अशी सोय हवी असं मनापासून वाटतं.

पिकलं_पान_सर्वोदयी

वय झाल्यामुळे हळू टंकतो, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना काढली. गांधीजींचे सचिव महादेवभाईंचे चिरंजीव नारायणभाई देसाई तिचं काम बघायचे. १९८१ मध्ये कॅनडात काही देशांतली मंडळी जमली आणि पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल ही संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत नारायणभाई होते.

त्या संस्थेचं काम ग्वाटेमालात बघण्यासारखं होतं. लष्करानं नाहीसे केलेल्यांच्या बायका-आयांनी संघटना काढली होती. १९८५ मध्ये तिच्या दोन नेत्यांचे खून झाले. उरलेल्या नेत्यांसोबत मग पीस ब्रिगेड्सचे परदेशी स्वयंसेवक चोवीस तास राहू लागले. हातात शस्त्र नाही. बाजारात सोबत, बसमध्ये सोबत, रात्री त्याच घरात झोपायचं. मारणाऱ्याला एवढंच कळायला हवं होतं की कुणीतरी बघतंय आणि ते जगाला सांगेल. सोबत मिळालेल्यांपैकी निनेथ मॉन्टेनेग्रो पुढे तिथल्या संसदेत गेल्या.

वैनतेयीबाई, तुमच्या बहिणीला परदेशी माणूस नको. पण सोबत हवी. ठाण्यात जायचं तर तिघांनी जायचं, एकानं आत, दोघांनी बाहेर. 'किती वाजता आत गेली' हे बाहेरच्यानं लिहायचं.

भीमाकाठ

मानवी हक्क आयोगाचा काही उपयोग होतो का? माझा अनुभव शून्य. तक्रार केली, पोलिसांकडूनच अहवाल मागवला, पोलिसांनी 'तथ्य नाही' लिहिलं, फाइल बंद.

काळाकोट

तुमचा राग रास्त आहे. शिफारशी बंधनकारक नाहीत, वर्षापलीकडची घटना घेत नाहीत, सैन्य किंवा केंद्रीय दलांची तक्रार असेल तर केंद्राकडून अहवाल मागवण्यापलीकडे फारसं करता येत नाही. राष्ट्रीय आयोगाच्या दर्जाचा निर्णय अशा आयोगांच्या जागतिक महासंघानं २०२३ आणि २०२४ मध्ये लांबणीवर टाकला, त्यामागे आयोगाच्या तपासात पोलीस अधिकारीच असणं हेही एक कारण होतं.

तरी तक्रार कराच म्हणतो. २०१६ मध्ये प्राध्यापिका नंदिनी सुंदर आणि इतरांवर छत्तीसगड पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल केला होता, पुरावा काहीच निघाला नाही. २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगानं त्यांना आणि तेलंगणातून आलेल्या सत्यशोधन पथकातल्यांना प्रत्येकी एक लाख भरपाई द्यायला सांगितलं. आयोगात कार्यकर्त्यांच्या तक्रारींसाठी वेगळा संपर्क अधिकारी आहे, अर्जावर 'मानवी हक्क रक्षकाला त्रास' असं ठळक लिहा. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९९८ मध्ये अशा रक्षकांसाठी जाहीरनामा मंजूर केला, त्याचाही उल्लेख करा. आणि ठाण्यात काही वावगं घडलं तर सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असा अर्ज लगेच द्या. परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि अठरा महिने साठवण सांगितली आहे. कॅमेरे बंद होते असं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या.

पिंपळपान

फौजदारसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईला फोन करणं समर्थनीय नाही, हे मान्य. बाकी माझं मत कायम आहे : सीमेवर आणि जंगलात लढणाऱ्यांच्याही हक्कांबद्दल याच तळमळीनं बोललं जावं.

निवृत्त_फौजदार

जावंच. बारा-बारा तासांची ड्युटी, रजा नाही, गळकी क्वार्टर्स. त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला लिहीन.

सुनंदा_क

वैनतेयी, सगळ्यांनी बहिणीबद्दल लिहिलं, मला तिच्या आईबद्दल सांगायचंय. माझा मुलगा असंच काम करतो. मलाही फोन यायचे. गावात बातमी पसरली की हिचा मुलगा 'कशात तरी' आहे. किराणावाला उधारीच्या वहीत लिहीना.

मुलानं एका रविवारी त्याच्या संस्थेतल्या चौघांना घरी आणलं. आमच्या बचतगटाच्या बायकांना बोलावलं. त्यांनी काय काम करतात ते सांगितलं, आणलेले कागद दाखवले, एका बाईला तिथल्या तिथे तिच्या नवऱ्याच्या अपघाताच्या क्लेमचा अर्ज लिहून दिला. त्यानंतर फोन आला तेव्हा माझ्याशेजारी गटाची अध्यक्षा बसली होती. तिनं फोन घेतला आणि म्हणाली, 'साहेब, आम्ही सगळ्या इथंच आहोत, नाव सांगा, लिहून घेते.' फोन कट. पुन्हा आला नाही.

तुमच्या मावशीकडे कुणीतरी लवकर जा.

वैनतेयी

सुनंदाताई, या शनिवारी जातेय. मावशी, मी आणि संस्थेतल्या दोघी. पत्राचा मसुदा काळाकोट यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. गोपनीयच्या माणसाची वहीसुद्धा सुरू केली.

एक प्रश्न उरलाच. घरमालक म्हणतायत, 'तुम्ही चांगल्या आहात, पण मला नको हा ताप.' पोलिसांच्या तोंडी सांगण्यावरून जागा खाली करायला लावू शकतात का?

काळाकोट

मसुदा बघितला, दुसऱ्या परिच्छेदातलं 'गुंडगिरी' काढा, बाकी उत्तम.

तोंडी सांगण्यावरून नाही. लिव्ह अँड लायसन्स नोंदवलेलं आहे ना? मुदत असेपर्यंत करारात जे कारण लिहिलंय त्याशिवाय काढता येत नाही. पण मुदत संपली की नूतनीकरण करायचं की नाही हे मालकाच्या हातात. त्यांच्यावर चिडू नका, तेही घाबरलेत. पोलिसांनी काही सांगितलं असेल तर 'लेखी द्या' हे त्यांनाही म्हणायला शिकवा. मुदत कधीपर्यंत आहे?

वैनतेयी

मार्चअखेर. त्याआधी दुसरी जागा बघून ठेवावी लागेल. नाशिकरोड भागात कुणाची खोली असेल आणि सगळं माहीत असून द्यायची तयारी असेल, तर कृपया व्यनि करा.

तळकोकणी

माझ्या आत्याचा वरचा मजला रिकामा आहे. तिच्याशी बोलून रात्री व्यनि करतो.